पट्टीतल्या सात गोळ्या

प्रवासी जहाजाचा कॅप्टन म्हटलं की लोकांना पांढरा गणवेश दिसतो, त्याची कडक इस्त्री दिसते, संध्याकाळच्या मेजवानीत पाहुण्यांसोबत काढलेले फोटो दिसतात. ते सगळं मी करतोच. पण दोन बंदरांच्या मधल्या दिवसांत माझं खरं काम एकच, संशय घेणं. कुठे ताजा रंग दिसला की खाली काय गंजलंय ते खरवडून बघायचं. तपासणीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघर फारच चकचकीत वाटलं तर आधी फ्रीज उघडायचा. आणि 'सगळं ठीक आहे' असं ज्याने न विचारता सांगितलं, त्याच्या कामाकडे पहिलं जायचं. या स्वभावाने इतकी वर्षं जहाज सांभाळलं, त्यामुळे मला त्याचा गर्वही होता.

मागच्या सुट्टीत पुलगावला गेलो तोही हाच स्वभाव घेऊन. धाकटा भाऊ स्टेशनवर घ्यायला आला आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "बाबा एकदम मस्त हायेत. तू टेन्शन घेऊ नको दादा." झालं! माझे कान टवकारले.

आई गेल्यापासून बाबा भावाकडेच असतात. त्यांना एकदा अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता, तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी रोज सकाळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाबा ती स्वतःहून घेत नाहीत. विचारलं तर 'घेतली' म्हणतात आणि पेपरात डोकं घालतात. गोळी हातावर ठेवून पाण्याचा पेला समोर धरावा लागतो. भावाची बायको त्या आठवड्यात माहेरी, तळेगावला गेली होती. घरात आम्ही तिघेच.

पोचलो त्या संध्याकाळी फळीवर त्याच गोळ्यांची पट्टी दिसली. सवयीने मोजल्या. सात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर पाहिलं, सात. तिसऱ्या दिवशीही सातच. म्हणजे हा पठ्ठ्या गोळी देतच नाही आणि तोंड वर करून मस्त हायेत म्हणतो! मला राग आला. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, कारण स्टेशनवर आलेला संशय खरा ठरत होता.

मी काही बोललो नाही. जहाजावरही अर्ध्या पुराव्यावर मी कोणाला बोलावून घेत नाही. चार दिवसांची नोंद हातात असली की समोरच्याला पळवाट राहत नाही. आणखी एक-दोन दिवस बघू, मग चांगला फैलावर घेतो, असं ठरवलं.

मग गोळी मी स्वतः का दिली नाही? जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर एक नियम आहे. कॅप्टन नुसता येऊन उभा राहिला म्हणून ताबा त्याच्याकडे जात नाही. 'आता मी घेतो' असं तो मोठ्याने म्हणेपर्यंत पहाऱ्यावरचा अधिकारीच जबाबदार. मी भावाला तसं काही म्हटलं नव्हतं, म्हणजे पहारा त्याचाच. इतकं सरळ होतं ते माझ्या डोक्यात. शिवाय दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय, असंही वाटलं.

चौथ्या दिवशी सात. पाचव्या दिवशी सकाळी पट्टी बघायला उठलो तर बाबा खुर्चीत एका बाजूला कलले होते. तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात लोंबत होता, आणि ते माझ्याकडे बघत होते.

दवाखान्याच्या वाटेवर गाडी चालवता चालवता भावाने विचारलं, "दादा, कालची गोळी देल्ली होती ना?"

"मी काऊन देईन? तू देतं ना?"

त्याने गाडीचा वेग कमी केला. "तू आला तवापासून मी कुठं देल्ली? मोठा भाऊ घरी आला, आता बाबाचं तोच पाहीन, असं वाटलं. रोज सकाळी तुले फळीपाशी उभा पाहून राह्यलो होतो ना. मले वाटलं, देऊनच राह्यला."

पुलगावातल्या कुठल्याही घरात मोठा आला की कारभार न बोलता त्याच्याकडे जातो, हे मी विसरलो होतो. ज्याला मी चार दिवस चोर समजत होतो, त्याने माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

बाबांची वाचा गेली. परत येईल की नाही ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. चार दिवस गोळी चुकलीय हे कळल्यावर त्यांनी आम्हा दोघांकडे पाहून विचारलं, "गोळी बंद कोणी केली?"

भाऊ लगेच पुढे झाला. "माह्याच हातून राहिली, डॉक्टरसाहेब. दादा तं चार दिवसांचा पाहुणा, त्याले काय मालूम?"

दादाला रोजच्या रोज मालूम होतं. डॉक्टर भावाला चांगलेच रागावले, तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी शरमेने अर्धा झालो होतो, तरी तोंडातून शब्द काढला नाही. उलट त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याला माफ केल्यासारखा.