आपोआप जोडणारा टेप

मोरेश्वर तीस वर्षं सौसर–पांढुर्णा गाडी चालवत होता आणि त्याचा भरवसा वायरीवर होता. एक टोक मोबाइलात, दुसरं गाडीतल्या गाण्यांच्या टेपात. सवारी बसली की वायर उपटायची आणि गियरला गुंडाळून ठेवायची. घरून फोन आला तर आपल्या घरातलं परक्याच्या कानावर जाऊ नये, एवढाच त्याचा हिशोब.

पण त्याच्या मुलीनं, प्रज्ञानं, शिकवण्यांच्या कमाईतून गाडीत नवा टेप बसवून घेतला. मुलताईहून तिला बघायला पाहुणे येणार होते. बाबांची गाडी त्यांना जुनाट वाटू नये म्हणून. या टेपाला वायरीचं भोकच नव्हतं. खिशातल्या मोबाइलाशी तो स्वतःच जुळायचा, आलेला फोनही स्वतःच उचलायचा. मोरेश्वरला हा आगाऊपणा पहिल्या दिवसापासून खटकत होता, पण पोरीच्या हौसेपुढे तो गप्प बसला.

पांढुर्ण्याच्या स्टेशनावर भगवंतराव आणि त्यांचा मुलगा गजेंद्र गाडीत बसले. माणसं सालस होती. प्रज्ञाचं तिगावला ठरलेलं लग्न साखरपुड्यानंतर मुलाकडच्यांनी मोडलं होतं. ते पाहुण्यांना आधीच सांगून टाकावं असं मोरेश्वरच्या फार मनात होतं. बायकोनं, प्रेमलतानं, त्याला दटावलं होतं. घराकडे जाताना वाटेतलं मोहगाव जवळ आलं आणि टेपानं फोन उचलला. चारी स्पीकरांतून प्रेमलता बोलू लागली.

"अहो, तिगाववाले येऊन बसले. साखरपुड्याची अंगठी मागून राहिले. त्यांले वाटेले लावतो मी, तवर पाहुण्यांले बाहेरच फिरवा. अन् लग्न मोडल्याचं तोंडातून काढू नका."

मोरेश्वरनं दिसेल ते बटण दाबलं. आवाज वाढला. उपटायला वायर नव्हती.

भगवंतरावांनी गाडी थांबवायला सांगितली. "स्टेशनावरच सांगितलं असतं ना मोरेश्वरराव, तर आम्ही काही मनात आणलं नसतं," ते म्हणाले. "आता वापस घ्या गाडी."

गाडी पांढुर्ण्याकडे वळली. पाहुणे गाडीत आहेत तोवर काहीतरी बोलून सावरता येईल असं मोरेश्वरला वाटत होतं. स्टेशन आलं तेव्हा त्यानं फक्त गाडी फाटकाशी नेऊन लावली.

पाहुणे उतरून गेले. इंजिन चालू ठेवून तो तसाच बसून राहिला. मोबाइल बंद करावा हेही त्याला सुचलं नाही. टेपानं पुन्हा फोन उचलला आणि रिकाम्या गाडीत प्रज्ञाचा आवाज भरला.

"बाबा, तिगाववाले गेले. आता आणा पाहुण्यांले. पोहे भिजवू काय?"