अंगणाचा सांधा

शिमग्यात पालखी दारी नाचून गेली की आमच्या अंगणाची रया जात असे. नाचणाऱ्यांच्या टाचांनी तांबड्या मातीचे पोपडे निघत, जागोजाग खळगे पडत, आणि त्यांत गुलाल साचून राही. असं अंगण उन्हाळ्याच्या उपयोगाचं नसतं. आमसुलं, आंब्याची साठं, पापड, कुरडया असा आमचा सगळा उन्हाळा अंगणातच पसरायचा. म्हणून चैत्राच्या आत ते नव्याने करावं लागे.

गडी कुदळीने माती उखणत, ढेकळं फोडत आणि तिन्हीसांजेला पाणी शिंपून जात. रात्रभर ओल मुरे. पहाटे दार उघडलं की भिजल्या मातीचा गार, किंचित लोखंडी वास ओटीपर्यंत आलेला असे. मग आई आणि काकू चोपणी घेऊन बसत. चोपणं म्हणजे दांड्याची जड लाकडी फळी. दोघी समोरासमोर बसून माती चोपत मागे सरकत जात. एकीचा ठोका पडून विरतो न विरतो, तोच दुसरीचा पडे. दोन बायकांचं ते एकच काम कानाला एका मोठ्या, संथ श्वासासारखं लागे.

"जाऊबाई, हळू हो! हे अंगण आहे, माझे थोरले दीर नव्हेत," काकू म्हणे.

"त्यांना चोपता आलं असतं तर अंगणाच्या वाटेला कशाला गेले असते गो?" आई म्हणे, आणि दोघी पदर तोंडाला लावून हसत.

आईचं माहेर खाडीपलीकडे होतं आणि तिथलं माणूस वर्षाकाठी एखाद वेळी येई. या घरात तिला मोकळं हसताना मी पाहिलं ते फक्त या धाकट्या जावेबरोबर.

मी मराठी चौथीत होते त्या वर्षी, पौषात, वडील आणि काका वेगळे झाले. भांडण खालच्या आंब्याच्या कलमांवरून पेटलं. माजघरात कुडाची आडभिंत उभी राहिली, चुली दोन झाल्या, आणि अंगणात मधोमध सुंभाची दोरी ताणली गेली. "दोरीपलीकडे पाऊल टाकायचं नाही, आणि बोलायचंही नाही," वडिलांनी आईला बजावलं. तिकडे काकांनी काकूला तेच बजावलं असणार. दोघे भाऊ तेवढ्यापुरते एकमताचे होते.

शिमगा झाल्यावर आमच्याकडची माती आईने एकटीने चोपली, पलीकडची काकूने चार दिवसांनी. पण अंगण एका ओलीवर चोपावं लागतं. अर्धं सुकलं, अर्धं ओलं राहिलं, की ते दोन जागी आक्रसतं. चैत्राच्या उन्हाने दोरीखाली सबंध लांबीची भेग पडली. तिच्यातून मुंग्या निघाल्या आणि थेट साठांवर गेल्या.

भेग लिंपायला आई शेणाचा गोळा घेऊन गेली, ती दुपारी, पुरुष आडवे झाल्यावर. पलीकडून काकूही आली. दोघींचे हात एकाच भेगेत, माना खाली, ओठ जेमतेम हलणारे. लांबून पाहणाऱ्याला त्या नुसत्या सारवताना दिसत. मी जवळ होते. माझ्या कानी त्यांचं कुजबुजणं येई, आणि अधूनमधून तेच दाबलेलं हसू. शेण वाळलं की भेग पुन्हा उकले आणि त्या पुन्हा येत. त्या उन्हाळ्यात मी आईला भेगेची वाट पाहताना पाहिलं.

पुढच्या शिमग्यानंतर तिला तेवढं पुरेना. जेवणं झाल्यावर वडील ओटीवर सुपारी कातरत बसले असता ती दाराशी उभी राहिली.

"अहो, अंगण दोन वेळा चोपलं की सांधा फुटतो. मुंग्या होतात, साठं नासतात. दोन्हीकडचं एकाच दिवशी, आम्ही दोघींनी मिळून केलं तर…"

"फुटतो काय?"

"फुटतो ना. दरवेळी लिंपावा लागतो."

"बघतो," वडील म्हणाले.

त्या दिवशी आईने चोपण्याचा दांडा खोबरेल लावून पुसून ठेवला.

दोनच दिवसांत गाडीभर चिरे आले. गवंडी दोरीखालची माती खणू लागला. भावाशी बोलणं तुटलेलं, तेव्हा वडील गवंड्याला सांगत होते, पण आवाज पलीकडच्या ओटीवर पोहोचेल इतका चढवून. "चांगला पुरुषभर उंच गडगा घाल रे! आमच्या घरातूनच तक्रार आहे. यांच्या बाजूने सांधा फुटतो आणि आमच्याकडे मुंग्या होतात."

काकू आपल्या दारात उभी होती. तिने एकदा आमच्या माजघराच्या काळोखाकडे पाहिलं, जिथे आई उभी असणार हे तिला ठाऊक होतं, आणि ती आत गेली.

"मी पलीकडे जाऊन सांगू का?" मी आईला विचारलं.

"काय सांगशील? मी तक्रार केली नाही म्हणून?" आई म्हणाली. "केली ना मी."

गडगा पुरा झाला. त्याच्या सावलीने आमच्या अंगणाची सकाळ उशिरा उजाडू लागली. माती पुन्हा भिजवून आई एकटी चोपायला बसली, तेव्हा चिऱ्यांपलीकडेही ठोके पडत होते. मग ते थांबले.

"जाऊबाई, आता नाही ना हो फुटत तुमचं अंगण?" काकूचा आवाज आला, गोड आणि वाळलेला. "मुंग्यांचाही त्रास सरला असेल!"

ओटीवर वडिलांचा अडकित्ता थांबला. आईने गडग्याकडे पाहिलं, मग ओटीकडे.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही फुटत."

पलीकडचे ठोके पुन्हा सुरू झाले, पूर्वीपेक्षा जोरात. ते थांबेपर्यंत आईने आपलं चोपणं उचललं नाही. ऊन गडग्यावरून खाली उतरलं, आणि तिच्या समोरची माती कडेकडेने वाळून पांढुरकी पडत गेली.