सुई ओवता न येणारा दिवा

गल्लीत तिला सगळे टेपवालीच म्हणायचे. गळ्यातला टेप कधी उतरायचाच नाही ना. आंघोळीला गेली की तेवढा खुंटीवर. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, अन् गुडघे जिन्याला नाही म्हणायला लागले तेव्हा मुलाकडे तळमजल्यावर राहायला आली. खोली चांगली, कोरडी, मशीन मावेल एवढी. पण खिडकी उघडली की हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत. उन्हाचं नाव नाही.

तिला उन्हाचं काय? तिचा जन्म मशीनच्या दिव्याखालीच गेलेला. अडलं ते बियांपाशी.

तिची थोरली बहीण दर साली एक टोमॅटो लावायची. पिवळाधमक, लिंबाएवढा, देठाकडे निमुळता. बाजारात तसला कुठं बघायला मिळायचा नाही. बहीण स्वतःच बी धरून ठेवायची. ती वारली अन् मागे राहिली बॉबिनची एक पत्र्याची डबी, आत पुडीत अकरा बिया. टेपवालीनं पुढच्या साली लावू, पुढच्या साली लावू करत दोन सालं घालवली. कपड्यासारखं बी काही कपाटात टिकत नाही, बरं का.

एक दिवस सगळ्या पेरल्या.

"अहो आई, दोन तरी मागे ठेवायच्या," सून म्हणाली.

"ठेवून ठेवूनच तर ही वेळ आली."

उगवली सहा. हिनं ती मशीनच्या पिवळ्या बल्बखाली ठेवली, तोच दिवा तिच्या भरवशाचा. आठ दिवसांत रोपं उंच झाली, पण कशी, तर नुसती काडी. पान इवलंसं अन् मान वाकडी.

"आई, ही रोपं की दोरा?" सून म्हणाली. "रिळाला गुंडाळून ठेवू का?"

हसली ती, पण दोन रोपं आडवी पडली ती उठलीच नाहीत. राहिली चार. तीही गेली तर बहिणीचा टोमॅटो संपला, कायमचा.

मग गेली दिव्यांच्या दुकानात. दुकानदार गलेलठ्ठ, बोलका माणूस. त्यानं एकेक दिवा लावून दाखवला, अन् हिनं प्रत्येकाखाली पिशवीतून सुई काढून दोरा ओवून बघितला. चाळीस वर्षं दिवा असाच पारखत आलेली.

"मावशी, झाडाला काय शिवायला बसवायचंय?" दुकानदार म्हणाला. "हे बघा, बाळरोपाला हा पांढरा, जरा निळसर झाक असलेला. यानं रोप बुटकं, दणकट राहतं. वीतभर वर टांगा, रोप वाढलं की दिवा वर घ्या. अन् कळ्या धरायचं वय झालं की हा." त्यानं बटण दाबलं तशी सगळी भिंत गुलाबी झाली. "यात लाली जास्त, जोरही जास्त. हातभर लांब ठेवा, नाहीतर पानं करपतील. अन् रात्री बंद करायचा. झाडालाही झोप हवी."

"म्हणजे बाळाचं झबलं वेगळं, मोठ्याचा कोट वेगळा."

"आता कसं बोललात!"

दोन्ही दिवे घेऊन आली. पांढरी नळी कपड्यांच्या दांडीला नाडीनं बांधली. रोज सकाळी टेप लावून मोजायचं, रोप बोटभर वाढलं की नाडीची गाठ बोटभर वर. महिन्याभरात रोपं अशी ठसठशीत झाली की सून येता-जाता त्यांना हात लावून जायची.

मोठ्या कुंड्यांत गेली, दीड हात झाली, तेव्हा हिनं गुलाबी दिवा लावला. लावला अन् सवयीनं सुई हातात घेतली. चारदा दोरा चुकला. लाल रीळ अन् तपकिरी रीळ शेजारी धरली, तर दोन्ही सारखीच! झालं. तरुणपणी एकदा असल्याच खोट्या उजेडात निळ्या कोटाला काळा खिसा लावून बसली होती, गिऱ्हाईक भर दुकानात हसलं होतं. तेव्हापासून एकच ठरलेलं, ज्या दिव्याखाली रंग खोटं बोलतो तो दिवा घरात नको. दिवा काढला, अस्तराच्या कापडात गुंडाळला, पेटीच्या तळाशी घातला. कुणाला सांगितलं नाही. पांढरी नळीच जळत राहिली.

झाडं वाढली. पानं, पानं अन् पानं. महिना गेला तरी कळी म्हणून दिसेना.

"गुरं पाळायची का आई आता? पाला भरपूर झालाय," सून म्हणाली.

या वेळी ती हसली नाही. रिकामी डबी हातात घेऊन बसून राहिली.

मग एक दिवस सून बाहीला अस्तर शोधत पेटी उपसत होती.

"अहो, हा इथं काय करतोय?"

टेपवाली म्हणाली, "त्यात सुई ओवता येत नाही गं. रंगही कळत नाहीत."

सून पेटीपाशीच बसली अन् डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अहो, पण झाड कुठं सुई ओवतंय?"

"खरंय बाई. जन्मभर दिवा माझ्या डोळ्यांनीच बघितला."

त्याच दुपारी दिवा टांगला, हातभर मोजून. हिनं मशीनचं तोंड भिंतीकडे फिरवलं अन् आपला बल्ब आपल्यापुरता लावला. तिसऱ्या आठवड्यात कळ्या आल्या, मग फुलं. पण तीन झाडांची फुलं गळून पडली. मशीनच्या टेबलावर जागेअभावी ठेवलेली एकच कुंडी, तिलाच फळ धरलं. दुकानदाराला फोन लावला.

"घरात वारा नाही ना मावशी, फूल हलायला हवं."

मशीनचा हादरा! मग काय, पाळीपाळीनं कुंड्या टेबलावर अन् ही आपली शिवतेय. काम नव्हतं तर उशांचे अभ्रे शिवले. उशा सहा अन् अभ्रे बावीस.

फळं मोठी झाली, पिकली. पण गुलाबी उजेडात ती नारिंगी दिसत होती, अन् हिच्या मनात भलतंच. ताईचा तो हाच ना? पहिलं फळ तोडलं, ओंजळीत धरून गुडघे सावरत थेट रस्त्यावर गेली, उन्हात.

पिवळाधमक. देठाकडे निमुळता.

"आई, काय झालं?" मागून धावत सून आली.

"काही नाही गं. तोच आहे."

बिया धुऊन अभ्र्यावर वाळवल्या. तीन पुड्या केल्या, एक बहिणीच्या मुलीला, एक सुनेला, एक डबीत. मग टेपवालीनं गळ्यातला टेप काढून खुंटीला अडकवला अन् भर दुपारी आडवी झाली. सून चहा घेऊन आली तर ही घोरत होती.