मालकाचं बटण आधी

माझा धाकटा भाऊ मुरारी भारी संशयी. भाजीवालीने कोथिंबीर फुकट घातली तरी हा विचारणार, "का घातली गो?" महाडात त्याचं बॅनर नि लग्नपत्रिका छापायचं दुकान हाय. मी तिथे पत्रिका दुमडते नि त्याची बडबड ऐकते.

दुकानात कॉम्प्युटर दोन, स्क्रीन एकच. मधे एक डबी, तिला दोन बटणं. एक दाबलं की स्क्रीनवर मुरारीचा कॉम्प्युटर दिसतो, दुसरं दाबलं की सारिकाचा. सारिका तुडीलची, डिझाइन करते. बाप अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या पगारावर चालतं.

सकाळी मुरारीची रीत ठरलेली. दोन्ही कॉम्प्युटर चालू करायचे, पण बटण आपलं दाबून ठेवायचं. आपल्या कॉम्प्युटरला अगरबत्ती ओवाळायची, आपलं काम बघायचं, मग सारिकाला स्क्रीन द्यायचा. "मालकाचं आधी," म्हणायचा. कसलं मालकाचं! आपल्या डोळ्याआड पोरीने काय उघडू नये, एवढंच.

ही डबी आणली नि सारिकाच्या कामात सगळं फताडं दिसायला लागलं. अक्षरं मोठी, पुसट. माणसांची तोंडं भाकरीसारखी पसरलेली. सेटिंगमध्ये बघावं तर बरोबरचं माप तिथे नायच. पोलादपूरच्या भैरूशेठच्या वाढदिवसाचा बॅनर करताना तिने पसरलेलं तोंड बघून बघून आवळलं. छापून आला तर भैरूशेठ महिनाभर उपाशी असल्यासारखा! आंबेनळीच्या रस्त्याला तो बॅनर लागला नि येणारा-जाणारा हसला. शेठ दुकानात येऊन नाय नाय ते बोलून गेला.

"मुद्दाम केलंन हिने," मुरारी मला म्हणाला. "समोरच्या दुकानाला सामील हाय ही. आपली डिझाइनं तिकडे पोचवत असणार."

तेव्हापासून संध्याकाळी जाताना, "पिशवी दाखव." पोरगी मान खाली घालून दाखवायची. वर तिला सांगितलंन, पुन्हा असं झालं तर दुसरीकडे काम बघ.

मग एक दिवस मुरारी कागदाचं पार्सल सोडवायला वीर स्टेशनला गेला. दुकान आम्ही दोघींनी उघडलं. सारिकाने आपलंच बटण दाबलं नि कॉम्प्युटर चालू केला. अक्षरं कशी मोत्यासारखी! दुसऱ्या दिवशी मुरारी आला, अगरबत्ती झाली, नि पुन्हा तोंडं पसरली.

"बघ आक्का! मी नसलो की बरोबर चालतं. हीच काहीतरी करते."

माझं डोकंच फिरलं. "मेल्या, ती करते का तू करतोस? दोन्ही बंद कर. आता तिचं बटण दाब, नि मग तुझा चालू कर."

कुरकुरत केलंन. कॉम्प्युटर उठल्यावर आपलं बटण दाबलंन, तर स्क्रीनवर त्याच्याच लग्नाचा फोटो, नि त्यात हा भोपळ्याएवढा! तोंड उतरलं त्याचं. दुरुस्ती करणाऱ्या सूरजला फोन लावलान.

"काका, कॉम्प्युटर उठताना स्क्रीनला माप विचारतो," सूरज म्हणाला. "तेव्हा बटण दुसरीकडे असलं तर ही हलकी डबी माप पोचवत नाय. मग तो अंदाजाने चालतो. ज्याचा चालू कराल त्याचं बटण आधी दाबा."

संध्याकाळी सारिका निघाली तसा मुरारी म्हणाला, "उद्यापासून तू आधी तुझं बटण दाबत जा गो."

तिने पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली नि एकेक वस्तू बाहेर काढली. डबा. ओढणी. बापाच्या गोळ्या.

"राहू दे गो, आज नको," मुरारी म्हणाला.

"बघून घ्या, काका. उद्यापासून मी नाय, मग संशय कुणाचा घ्याल?"

मला इतकं वाईट वाटलं की हातातली पत्रिका वाकडी दुमडली गेली. सारिका गेली.

दुसऱ्या दिवशी मुरारीने अगरबत्ती लावली नाय. आधी सारिकाचं बटण दाबलंन, तिचा कॉम्प्युटर चालू केलान. अक्षरं बरोबर आली. मग तुडीलची रिक्षा थांबते तिकडे बघत तो दुपारपर्यंत दारात उभा होता.