गॅरेजमागची मंडळी

उस्तादांनी हयातभरात जेवढी इंजिने उघडली, त्या सगळ्यांचे जळके ऑईल गॅरेजमागच्या अंगणाने मुकाट पोटात घेतले होते. बायकोने हौसेने लावलेली लिंबाची रोपे तिथे एकामागून एक माना टाकून गेली, तेव्हापासून तिने त्या अंगणात पाऊल टाकले नव्हते. आता तिने गवंडी ठरवला होता. हिवाळा सरला की सगळीकडे काँक्रीट!

जिवाणूंवर संशोधन करणारी भाची मध्ये पडली. "मामी, तेवढा हिवाळा दे. ऑईल खाणारे जिवाणू या मातीतच आहेत. त्यांना थोडं खत, पाणी आणि हवा हवी. शेवटी मोहरी पेरू. ती उगवली, तर गवंड्याला परत पाठव."

लिंबाच्या रोपांची चुटपुट उस्तादांनाही होतीच. शिवाय ऑईल पिणारे कामगार, तेही बिनपगारी! गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून ते रोज फावड्याने माती खालीवर करीत, पाणी शिंपडीत आणि वाकून विचारीत, "काय मंडळी, जेवण झालं का?"

भाची माती तपासायला यायची होती, त्याच्या आदल्या संध्याकाळी, पाहुणे येणार म्हणून घर आवरावे तसे त्यांनी अंगण आवरले. बाटलीभर फिनेल पाण्यात कालवून सढळ हाताने शिंपडले.

भाचीला वास आला आणि ती मटकन खालीच बसली. "मामा, फिनेल?"

"अगं, तू येणार, म्हटलं जंतू नकोत..." उस्तादांनी जीभ चावली.

"आधी जेवू घातलं, मग जीव घेतला!" दारातून मामी म्हणाली आणि पोट धरून हसू लागली.

"कुठे शिंपडायचं राहिलंय का?" भाचीने विचारले.

उस्ताद ओशाळले. "त्या मोडक्या ट्रकखाली. कंबर धरली होती, वाकलोच नाही."

"तुमच्या कंबरेला साष्टांग नमस्कार, मामा!"

तिघेही ट्रकखाली शिरली. डोकी आपटली, नाके काळी झाली. फिनेलचा वास उडून गेल्यावर विरजण लावावे तशी ट्रकखालची जिवंत माती मुठीमुठीने अंगणभर कालवली गेली. मामी कोपरापर्यंत काळी होऊन अंगणाच्या मधोमध उभी होती. ते लक्षात येताच उस्तादांना शीळ घालावीशी वाटली. पण तिने पाऊल मागे घेतले तर, या धास्तीने ते नुसतेच फावडे मारीत राहिले.

हिवाळा सरला. सिमेंटची गोणी खांद्यावर घेऊन गवंडी आला, तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात मोहरीचे हिरवे ठिपके फुटले होते.

"अहो, पाय मागे घ्या!" मामी त्याच्यावर कडाडली. "तिथं आमची मंडळी जेवताहेत!" मग उस्तादांकडे वळून म्हणाली, "तुम्ही काय बघत उभे? लिंबाचं रोप कोण आणणार?"

उस्ताद हातातला पाना न ठेवताच पळत सुटले.