बाबांनी जोडलेली बॅट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी नको ते सगळं सांगते.

कॉलेजात मी क्रिकेट खेळायचे. निवडीचा सामना तोंडावर आला आणि माझ्या बॅटला खालून वीतभर चीर गेली. बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत बाबांनी ती स्वतः दुरुस्त करायला घेतली. बाबा कारखान्यात कारकून. त्यांनी हातोडी घेतली की आई आधी चिंधी शोधून ठेवायची, बोटाला बांधायला. पण ते कसब्यातल्या एका सुताराला विचारून आले. चिरेत सरस भरला. वर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून आवळल्या. कामावरून आले की चपला काढायच्या आधी बॅटकडे बघायचे.

"घरातला पंखा वर्षभर कुरकुरतोय," आई म्हणाली, "पण तो खेळाडू नाही ना."

शेवटी त्यांनी पातं घासलं, जवसाचं तेल चोळलं, आणि आईचा शिवणाचा लाल दोरा ओळीला ओळ लावून गुंडाळला. इतक्या मायेने की — जाऊ दे.

आणि मी काय केलं? मैदानावर बाकीच्या मुलींच्या कोऱ्या बॅटी पाहिल्या, आणि आमची ती पिशवीतून बाहेर काढलीच नाही. मैत्रिणीची मागून घेतली. चांगली खेळले. निवड झाली.

एवढ्यावर थांबले असते तर? नाही थांबले. पात्यावर चेंडूचा एकही डाग नाही, हे बाबांना कळेल म्हणून मैदानामागच्या भिंतीवर चेंडू मारत राहिले — डाग पडावेत म्हणून. तेव्हा कळलं, बॅट पक्की होती. चेंडू काय सुरेख जात होता. ही तुटेल असं मी स्वतःला सांगितलं होतं, पण भीती तुटण्याची नव्हतीच. मला लाज वाटली होती. बॅटची? की बाबांची?

घरी आले तर बाबा दारातच उभे होते. निवडीचं विचारलंच नाही. "टिकली का गं?" एवढंच.

"तुमच्याच बॅटने खेळले, बाबा."

ते त्यांनी सगळ्या इमारतीला सांगितलं. लोक चिरलेल्या बॅटी घेऊन येऊ लागले. निवृत्तीनंतर तर गॅलरीत त्यांचं दुकानच झालंय, बिनपैशाचं. मी खराडीला राहते, रविवारी जाते. सरसाच्या वासात बसलेले बाबा बघितले की इतकं बरं वाटतं — आणि तेव्हाच सांगायचं राहून जातं.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरची मुलगी आली होती. तिचाही निवडीचा सामना. जोडलेली बॅट हातात घेऊन तिने मला हळूच विचारलं, "ताई, तू खरंच अशा बॅटने खेळलीस?"

बाबा माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणाले.

ती तीच बॅट घेऊन मैदानावर गेली, आणि त्याच बॅटने खेळली. मी खेळले नव्हते.