प्रेमिला गजभियेचं अर्धं वाक्य

नागपूर विद्यापीठाच्या ग्रंथालयात ओमप्रकाश नावाचा सहायक होता. नवीन नियतकालिकं आली की तो आधी शेवटची पानं उघडायचा. तिथल्या संदर्भांच्या यादीत 'गजभिये' दिसलं की पानात कागदाची चिठ्ठी घालून ठेवायचा. प्रेमिला आली की म्हणायचा, "मॅडम, और एक सापडलं."

१९७३ साली अशा तीन चिठ्ठ्या निघाल्या. पुढच्या वर्षी अकरा.

समाजकार्य शिकवणाऱ्या एका महाविद्यालयात प्रेमिला अधिव्याख्याता होती. वडील मिलमध्ये साचेवाले, मागावर कापड विणणारे. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि त्याच दिवाळीनंतर वडिलांनी तिला इंग्रजी शाळेत घातलं. एम. ए. झाल्यावर तिनं सावनेरकडच्या पिंपळडोह गावात सहा महिने घालवले. चौथीच्या आतच मुलं शाळा का सोडतात, हा तिचा प्रश्न. बावन्न घरं होती, बावन्नही घरांत ती बसली, जेवली, लिहून घेतलं. त्यावरचा तिचा इंग्रजी लेख दिल्लीच्या एका नियतकालिकानं छापला. तिच्या मार्गदर्शकांनी, म्हणजे मनोहररावांनी, त्या दिवशी सगळ्या विभागाला पेढे वाटले.

आपलं नाव परक्यांच्या लिखाणात पाहताना सुरुवातीला तिला फार बरं वाटायचं. कधी पुण्याहून लेखाची प्रत मागणारं कार्ड यायचं, कधी मद्रासहून. प्रतापनगरच्या तिच्या दोन खोल्यांत ती कार्डं एका पुठ्ठ्याच्या डब्यात जमत गेली. पण चौऱ्याहत्तरच्या अखेरीस तिनं ते अकराही लेख पुढ्यात घेऊन नीट वाचले. अकराच्या अकरा जणांनी तिचं एकच वाक्य घेतलं होतं: 'पालकांना शिक्षणाची गरज वाटत नाही (गजभिये).'

तिनं आपला लेख काढला. वाक्य तिचंच होतं, पण अर्धं. पुरं वाक्य असं होतं: 'पालकांना शिक्षणाची गरज वाटत नाही, असं शिक्षक सांगतात, पण बावन्नपैकी सत्तेचाळीस घरांनी मूल शाळेत राहावं म्हणून स्वतःचं काही ना काही सोडलेलं आहे.' पुढची चार पानं शिक्षकाबद्दल होती. तो अकराच्या बसनं येतो, एकच्या बसनं जातो, आणि बौद्धांच्या मुलांना भिंतीकडे वेगळं बसवतो.

अकरा माणसं एकाच जागी एकच चूक करतील, हे तिला पटेना. तिनं ओमप्रकाशला जुने अंक काढायला लावले. दोन दिवस दोघं मागे मागे जात राहिली. एकानं दुसऱ्याचं उचललेलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. सर्वांत तळाशी जो लेख निघाला, त्यावर मनोहररावांचं नाव होतं.

ओमप्रकाशनं तो अंक हळूच मिटला. "मॅडम, ये बात यहीं रहने दो," तो म्हणाला. "सर आता मुंबईच्या कमिटीवर गेले आहेत."

कसली कमिटी, ते तिला दोन वर्षांनी कळलं. कमी हजेरीच्या एकशिक्षकी शाळा बंद करून मुलांना जवळच्या मोठ्या शाळेत घालावं, अशी शिफारस त्या समितीनं केली होती आणि शाळा बंदही होऊ लागल्या होत्या. छापील अहवाल हातात आला तेव्हा तिनं थेट संदर्भांची यादी उघडली. आता तिलाही तीच सवय लागली होती. नाव होतं. सत्तावीस क्रमांकाला.

दुसऱ्याच दिवशी ती सावनेरची बस धरून पिंपळडोहला गेली.

शाळेला कुलूप होतं. ओट्यावर कुणाच्या तरी शेळ्या बसलेल्या. बायजाबाई तिच्या घराच्या दारातच भेटली. सहा वर्षांपूर्वी हिनंच तिला सगळ्यात जास्त माहिती दिली होती. थोरला नातू शिकावा म्हणून हिनं दुसऱ्याच्या वावरातली दुपारची मजुरी सोडली होती, आणि त्या सत्तेचाळीस घरांत हिचं घर पहिलं होतं.

बायजाबाईनं 'या' म्हटलं नाही. उभ्यानंच विचारलं, "बाई, तुमी तं समदं लिवून नेलं होतं ना? मंग शाळा काहून बंद झाली?"

प्रेमिलानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मास्तर म्हने, नागपूरच्या बाईनं पुस्तकात छापलं. तुमाले शाळेची गरज नाही म्हने." बायजाबाई तिच्याकडे एकटक पाहत होती. "मी तुमाले असं कवा सांगतलं?"

"नाही सांगितलं, मावशी. मीही तसं लिहिलं नाही."

"मंग कोनं लिवलं?"

मोठी शाळा अडीच मैलांवर होती. तेरा मुलं जाऊ लागली होती, आता चार उरली होती. त्यात बायजाबाईची नात जया होती, आठ वर्षांची. त्या रात्री प्रेमिला गावातच राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चौघांबरोबर निघाली. पहिला मैल बरा होता. मग खाणीचा रस्ता लागला. काळ्या धुळीनं दोन्हीकडची झुडपं झाकून गेलेली. मागून ट्रकचा आवाज आला की चारही मुलं न बोलता रस्ता सोडून खाली उतरायची. खालची जागा हातभर रुंद होती आणि तिच्या पलीकडे सोडून दिलेल्या खाणीचं पाणी हिरवंगार, हालचाल नसलेलं. कठडा नव्हता.

"किती खोल आहे गं?" तिनं विचारलं.

"मालूम नाही," जया म्हणाली. "म्हैस पडली होती. दिसलीच नाही मंग."

दीड मैलात सतरा ट्रक गेले. प्रेमिलानं जयाचा हात एकदाही सोडला नाही, पण उद्या तो हात कोण धरणार, हे तिच्या डोक्यातून जाईना.

परतल्यावर ती मनोहररावांच्या घरी गेली. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला, तिचं सगळं ऐकून घेतलं. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"प्रेमिला, लेखात जागा कमी असते. थोडक्यात लिहावं लागतं."

"सर, माझ्या लेखाचा कच्चा खर्डा तुम्ही स्वतः तपासला होता. 'पण'च्या खाली तुम्हीच रेघ मारली होती."

त्यांनी कप खाली ठेवला. "आज तुझं नाव दिल्लीत घेतात ते कशामुळं, माहीत आहे? त्या एका वाक्यामुळं. पुरं वाक्य कुणी घेतलं नसतं. दोनेक वर्षांत प्रपाठकाची जागा निघणार आहे. विचार कर."

ती बावन्न घरांच्या नोंदी पिशवीत घालून शिक्षण खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडे गेली. त्यानं नोंदींना हात लावला नाही. अहवाल उघडून सत्तावीस क्रमांकावर बोट ठेवलं. "मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना? आता तुम्हीच नाही म्हणता? मग आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा?"

मनोहररावांचा लेख छापणाऱ्या नियतकालिकाला तिनं दुरुस्ती पाठवली. जागेअभावी छापता येत नाही, असं उत्तर आलं.

त्या पावसाळ्यात खाणीच्या रस्त्याची कड ढासळली. चौघांतला एक मुलगा पाण्यात गेला आणि ट्रकच्या क्लीनरनं उडी मारून त्याला ओढून काढलं. वाचला. पण त्या दिवसापासून पिंपळडोहचं एकही मूल शाळेत गेलं नाही. "पोट्टी जिती पायजे मले," बायजाबाई म्हणाली, आणि जयाचं दप्तर तिनं कणगीवर टाकलं.

अठ्ठ्याहत्तर साली एका नव्या पाहणीचा लेख आला. त्यात लिहिलं होतं: शाळा जोडल्यावरही या गावाची हजेरी शून्य आहे, गजभिये यांचा निष्कर्ष आता पूर्णपणे सिद्ध झाला आहे. ओमप्रकाशनं या अंकात चिठ्ठी घातली नव्हती. त्यानं तो नुसता तिच्यापुढे ठेवला आणि निघून गेला.

प्रेमिलाला त्यानंतर कित्येक दिवस जेवण गेलं नाही. आपण न लिहिलेली गोष्ट आपल्याच नावावर चालत गेली आणि शेवटी खरी होऊन बसली, हे कुणाला सांगावं तेही कळेना. पुढच्या चर्चासत्रात तिचा सत्कार होता आणि अध्यक्ष मनोहरराव होते. तिनं शाल घेतली नाही. माइकसमोर पुरं वाक्य वाचलं, मग बावन्न घरांच्या नोंदींतली एकेक ओळ वाचू लागली. एकविसाव्या घराशी माइक बंद झाला. ती माइकशिवाय वाचत राहिली. सभागृहातली अर्धी माणसं उठून चहाला गेली. प्रपाठकाची जागा दुसऱ्याला मिळाली.

त्यानंतर दर शनिवारी-रविवारी ती पिंपळडोहला जाऊ लागली. तिथल्या बुद्धविहारात वर्ग भरायचा. पहिल्या दिवशी तीन मुलं आली, दिवाळीपर्यंत एकोणीस झाली. बायजाबाई दाराशी बसून राहायची, कुणी उठून जाऊ नये म्हणून. चौऱ्याऐंशीत जया बाहेरून परीक्षेला बसून मॅट्रिक झाली आणि डी. एड.ला लागली.

पुढच्या वर्षी एका दुपारी जया प्रतापनगरला आली. चेहरा उतरलेला. तिनं अभ्यासाचं पुस्तक उघडून पुढ्यात ठेवलं. छापलेलं होतं: 'ग्रामीण पालकांना शिक्षणाची गरज वाटत नाही (गजभिये).'

"मी वर्गात उभी राहून म्हटलं, हे खोटं हाय," जया म्हणाली. "बाईनं मले वर्गाबाहेर काढलं. माफीनामा लिहून दे म्हनते, नाहीतं परीक्षेले बसू देत नाही."

प्रेमिलानं चपला घातल्या. नोंदींची पिशवी घेतली आणि दोघी बसनं जयाच्या अध्यापक विद्यालयात गेल्या. प्राचार्यांनी त्यांना दीड तास बाहेर बसवून ठेवलं. आत गेल्यावर प्रेमिला म्हणाली, "या पुस्तकातली गजभिये मी. आणि ज्या पालकांबद्दल हे लिहिलं आहे, त्यांच्या घरची ही मुलगी."

प्राचार्यांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. माफीनामा मागणं त्यांनी सोडून दिलं, जयाला परीक्षेला बसू दिलं. पुस्तक बदलणं आपल्या हातात नाही म्हणाले. ते पुस्तक पुढं अनेक वर्षं तसंच चालू राहिलं.